रद्द केलेली किल्ली

छत्रीचं टोक मी त्या भोकात घातलं तर ते हातभर आत गेलं. भोकाच्या तोंडाशी म्हशीच्या खुरांचे ठसे होते आणि त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं. नळी मात्र नव्हती.

“कधीपासून नाही तात्या?”

“काय म्हनलासा?” वारा होता आणि माझा आवाज मुळातच बारीक.

“म्हटलं, सतरा नंबरची नळी कधीपासून दिसत नाही?”

तात्यांनी डोक्यावरची घोंगडीची खोळ पुढे ओढली. “सोमवारपातूर हुती बगा.”

“सोमवार संध्याकाळपासूनच ती बोलत नाहीये.”

“मग तवाच गेली आसंल.” असं म्हणून ते तलावाकडे बघत राहिले.

आनंदातात्या पोवार करंजखोल तलावाचे चौकीदार होते. करंजखोल म्हणजे डोंगराच्या कुशीतलं मातीचं धरण. त्या भाद्रपदात ते काठोकाठ भरलं होतं. बांधाच्या खाली हाकेच्या अंतरावर जांभळेवाडी, बत्तीस घरं. तात्यांचा मुलगा, सून आणि चार महिन्यांची नात तिथंच राहत. तात्या आणि हौसाकाकू मात्र बांधावरच्या चौकीतल्या एका खोलीत. दुसऱ्या खोलीत आमची पेटी होती आणि त्या आठवड्यात मी.

मी पुण्याच्या एका लहानशा कंपनीत होते. आम्ही त्या बांधात चोवीस नळ्या रोवल्या होत्या. प्रत्येक नळी मातीतल्या पाण्याचा दाब मोजायची आणि दर अर्ध्या तासानं बिनतारी संदेशानं चौकीतल्या पेटीला कळवायची. दाब धोक्याच्या वर गेला की अर्ध्या तासाऐवजी दर मिनिटाला सांगायची, आणि पेटी वाडीचा भोंगा वाजवायची. म्हणजे बत्तीस घरांनी निर्धास्त झोपायचं की नाही, हे त्या नळ्यांच्या सांगण्यावर होतं.

माझं काम किल्ल्यांचं. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांब गुप्त ओळ. नळी आपला निरोप तिच्यानं कुलूपबंद करून पाठवते आणि पेटी आपल्याजवळच्या तशाच किल्लीनं तो उघडते. किल्ली जुळली नाही तर निरोप टाकून देते. चोवीस नळ्यांना चोवीस वेगळ्या किल्ल्या होत्या, आणि दरवर्षी मी स्वतः एकेका नळीपाशी बसून, तार जोडून त्या बदलायची. हवेतून नवी किल्ली पाठवायची नाही, असा माझा आग्रह होता. बदलत बदलत सोळापर्यंत आले होते आणि सतरा नंबर जागेवर नव्हता.

चौकीत येऊन मी शिरीष सरांना फोन लावला.

“जागेवर नाही?”

“नाही सर. भोक आहे नुसतं.”

“मग वाट कसली बघतेस? रद्द कर किल्ली.”

“एकदा आजूबाजूला शोधते.”

“वृंदा, अठ्ठेचाळीस तास गप्प आणि जागेवर नाही, तर रद्द. हा नियम कोणी लिहिला?”

“मी.”

“मी तर तेव्हा म्हणत होतो, सगळ्यांना एकच किल्ली देऊन मोकळे होऊ.”

“एकच दिली असती तर आज चोवीसच्या चोवीस बदलाव्या लागल्या असत्या सर.”

“बरं बाई, जिंकलीस. आता रद्द कर.”

नियम मी उगाच लिहिला नव्हता. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका कामावर आमचं हरवलेलं यंत्र कुणीतरी उघडून चालू केलं, गंमत म्हणून खोटे आकडे पाठवले. भोंगा वाजला, लोक अंधारात रानात पळाले आणि एका आजोबांचा पाय मोडला. त्याहून वाईट म्हणजे पुढे खरा भोंगा वाजला तरी कुणी उंबरा ओलांडेना. हरवलेल्या यंत्राचं ऐकायचं नाही, हे मी त्या आजोबांच्या खाटेशी बसून ठरवलं होतं.

तरी त्या दिवशी बांध मी दोनदा चालले. मग पेटीला सांगितलं, सतरा रद्द. पेटीनं विचारलं, खात्री आहे? मी हो म्हटलं. किल्ली पुसली गेली. पुसलेली परत आणता येणार नाही, अशीच योजना मी केली होती.

तात्या दारात उभे होते. “म्हंजे आता काय हुनार?”

“आता ती बोलली तरी पेटी ऐकणार नाही.”

“खरं बोलली तरी?”

“खरं की खोटं हे कळणारच नाही ना तात्या. तिचं कुलूप उघडायची किल्लीच राहिली नाही.”

त्यांनी घोंगडीची खोळ पुन्हा डोक्यावर घेतली. “बरं,” म्हणाले आणि गेले. मी पुढच्या नळीची कागदपत्रं काढली. माणूस काहीतरी गिळून गेला, हे माझ्या लक्षात आलं नाही.

माझा चातुर्मास चालू होता. एकवेळ जेवण, आणि पहाटे उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत मौन. काकूंना त्याची भारी गंमत वाटायची.

“एक डाव जेवायचं, आनि त्यात बी कांदा न्हाई, लसून न्हाई. आमच्या शेरडाला ह्याच्यापरास जास्त मिळतंय.”

“सवय आहे काकू.”

“आनि बोलायचं बी न्हाई! आमच्या हितं आसा नेम कुनी धरला तर नवरा पेढं वाटंल.”

आत चहा पिणाऱ्या तात्यांना ठसका लागला. “तू धर की. पेढं मी आनतो.”

“तुमी आदी बोलायला शिका,” काकू म्हणाल्या. “दोन दिस झालं, त्वांडात मिठाची गुळनी धरल्यागत बसलाय.”

शुक्रवारची सकाळ. पाऊस रात्रभर कोसळून जरा थांबला होता. मी पूजा आटोपून आसनावर बसले होते, समोर देव, आणि देवांच्या पलीकडे टेबलावर आमची पेटी. तिला दोन दिवे होते. निरोप घेतला की हिरवा, टाकून दिला की लाल.

लाल दिवा लुकलुकला.

मी डोळे मिटले. चोवीस वर्षांपूर्वी आईनं माळ हातात दिली तेव्हा सांगितलं होतं, माळ सुरू झाली की मेरुमण्यापर्यंत उठायचं नाही. दारात कुणी आलं तरी. तोवर एकदाही उठले नव्हते. पण पापणीआडूनही तो लाल उजेड कळतच होता. मन जपावरून उडालं, ते धरून आणलं, पुन्हा उडालं. तेव्हा लक्षात आलं की ते एका ठरावीक मण्यावर उडतंय. वीस मणी सरले की दिवा. पुन्हा वीस, पुन्हा दिवा.

माझा एक मणी म्हणजे साधारण तीन सेकंद.

हातातला मणी हातातच राहिला. कुणीतरी दर मिनिटाला निरोप पाठवत होतं, आणि पेटी दर मिनिटाला तो टाकून देत होती.

मी आसनावरून उठले.

निरोपाच्या आतलं कुलूपबंद असतं, पण वरचा नंबर उघडा असतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा. पडद्यावर एकाखाली एक तोच आकडा होता. सतरा. टाकून दिलेले निरोप, शहाण्णव. पहिला आला होता पहाटे पाचच्या सुमारास.

मी शिरीष सरांना फोन लावला. ते झोपेतून उठले असावेत.

“वाच ना मग काय म्हणतेय.”

“वाचता येत नाही सर. किल्ली पुसलीय.”

“चोरानं चालू केली असेल. कुणाच्या तरी विहिरीत नाहीतर गोठ्यात पडली असेल.”

“दर मिनिटाला बोलतेय.”

“विहिरीत पडली तर दर मिनिटालाच बोलेल! वृंदा, तूच लिहिलंयस. रद्द केलेल्याचं ऐकायचं नाही. न वाचलेल्या निरोपावर तू बत्तीस घरं पावसात बाहेर काढणार? पुन्हा तो पाय मोडलेला म्हातारा?”

ते चूक म्हणत नव्हते. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. मी फोन ठेवला आणि पडवीत आले. तात्या विळ्याला धार लावत होते.

“तात्या, सतरा नंबर बोलायला लागलीय.”

विळा थांबला.

“मी रागावणार नाही, साहेबांना काही सांगायच्या आधी तुम्हाला विचारेन. पण ती कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर आत्ता सांगा. वाडीत तुमची नात आहे.”

नातीचं नाव काढलं मात्र, त्यांचा चेहरा विरघळला.

“म्हशीनं उपटली ओ ताई,” ते म्हणाले. “सोमवारी सांजच्याला. आंग घासाय लागली आनि नळी आडवी. म्हस आमचीच. सायेब म्हनले आसते, तुजी जनावरं बांदावर कशी? आदीच मी रोजंदारीवरचा. मग म्हनलं, गपगुमान परत लावावी. वर लावली तर पुन्यांदा उपटंल. म्हनून खाली पायथ्याला करवंदीच्या जाळीत लावली. काट्यांत जनावर शिरत न्हाई. आनि पाऊस लागू नये म्हनून वरनं गोडेतेलाचा डबा पालथा घातला. पत्र्याचा, चांगला मोठा.”

मी कपाळाला हात लावला. बिनतारी निरोप पत्र्यातून बाहेर पडत नाही. नळी जिवंत होती, बोलत होती, आणि तिचा आवाज डब्यात कोंडला होता. तात्यांनी तिला माया म्हणून झाकलं, आणि मी तिला मेली म्हणून सोडून दिलं.

“मग आज डबा कुणी काढला?”

“कोन काढंल? कुनाला ठावंच न्हाई.”

“म्या काढला,” दारातून काकू म्हणाल्या. हातात राखेनं माखलेली चिंधी होती. “शेळी बांदाय गेल्ते काल, तवा दिसला. म्हनलं, चांगला डबा पाऊस खात पडलाय. ताई रोज पहाटं थंड पान्यानं न्हात्यात, दात वाजत्यात ते हितवर ऐकू येतंय. आमच्या भांड्यांला मासळीचा वास. त्यो डबा कोरा. आज उजाडायच्या आदी आनला, खाली काय हुतं ते अंदारात दिसलं न्हाई; घासला आनि ताईंस्नी त्यात पानी तापवलं.”

त्या पहाटे मी त्या ऊन पाण्यानं न्हाले होते. मौन होतं, म्हणून विचारलं नव्हतं की आज हे कसं काय.

“तात्या, जिथं लावलीत, तिथली माती कशी होती?”

“मऊ. दगूड लागंना. दोन बोटांनी दाबली तर सरसर आत गेली.” बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला. चाळीस वर्षं मातीच्या बांधावर काढलेला माणूस; आपण काय बोललो ते त्यांना माझ्याआधी कळलं. विळा टाकून ते धावत सुटले.

करवंदीच्या जाळीशी मी पोचले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून काटे बाजूला सारत होते. नळी सरळ उभी होती. तिच्याशेजारी, मनगटाएवढ्या जाडीचं पाणी जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. तात्यांनी ओंजळ भरून घेतली आणि माझ्यापुढे धरली. चहासारखं पाणी, आणि बोटांच्या फटींत बारीक माती.

“निवळ आसतं तर भ्या नव्हतं ताई. बांद पाझरतोच. पर गढूळ आलं म्हंजे पानी बांदाला पोटातनं खातंय.”

“किती वेळ आहे?”

“ते कुनी सांगावं.”

भोंगा पेटीच्या हाती होता, आणि पेटी सतरा नंबरचं ऐकायला तयार नव्हती. चौकीत एक हातानं दाबायचा खटकाही होता, पण तो शाखा अभियंता कोरगावकर साहेबांच्या परवानगीशिवाय दाबायचा नव्हता. त्यांचा फोन लागेना. चौकीकडे धावता धावता मी दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही. “देवा, चुकत असेन तर दोष माझ्या पदरात घाल,” इतकंच म्हटलं आणि खटका दाबला.

भोंगा वाजला, आणि मला वाटलं होतं तसंच झालं. लोक दारांत येऊन वर बघू लागले. कुणी हलेना. मी उतारावरून ओरडत निघाले, पण माझं ओरडणं म्हणजे दुसऱ्याचं साधं बोलणं. पहिल्या घरातली बाई म्हणाली, “काय झालं ओ? काय इकाया आलासा?”

तेवढ्यात मागून काकू आल्या. पदर खोचलेला, हात अजून राखेनं काळे. त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले आणि असा आवाज काढला की समोरच्या घरातली कोंबडी छपरावर गेली.

“पळा रं! बांद गढूळ पानी टाकतोय! आमच्या ह्यांनी ओंजळीत धरून बगितलंय! वरल्या साळंकडं पळा!”

भोंग्यावर नाही, तात्यांच्या ओंजळीवर लोकांनी विश्वास ठेवला. पाऊण तासात वाडी रिकामी झाली. म्हातारी माणसं पाठुंगळी, जनावरं सोडलेली, काकूंच्या काखेत दुपट्यात गुंडाळलेली नात. धट्टीकट्टी माणसं मात्र वर गेली नाहीत. रस्त्याच्या कामाची वाळू आणि खडी चौकीजवळ पडली होती. तात्यांच्या सांगण्यावरून त्यांनी पोती भरली आणि त्या उकळीवर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी, असे थर टाकले, म्हणजे पाणी जाईल पण माती थांबेल. कोरगावकर साहेब आले तोवर पाणी थोडं निवळायला लागलं होतं. त्यांनी बघितलं, तलावाचे दरवाजे उघडायला सांगितले आणि स्वतः पोतं उचललं.

दुपारी बांधाचा पायथा तरीही चार-पाच हात खचला. चिखलाचा लोट वाडीच्या पहिल्या तीन घरांच्या ओसरीपर्यंत आला आणि थांबला. घरांत कुणी नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात मी ते बघत उभी होते. कुणाचं तरी तान्हं माझ्या हातात दिलेलं होतं. त्याच्या टाळूचा वास येत होता आणि माझ्या तोंडून काही नाव निघेना, देवाचंही नाही. नुसतं पाणी डोळ्यांतून. अर्धी राहिलेली माळ आसनावर तशीच होती. त्याची खंत मला तेव्हा वाटली नाही, नंतरही वाटली नाही.

चार दिवसांनी पाण्याची पातळी उतरली, शिरीष सर पुण्याहून आले आणि कोरगावकर साहेब चौकीत अहवाल लिहायला बसले. वाईट माणूस नव्हता तो, पण अहवालात रकाने असतात.

“नळी मूळ जागेवर नव्हती,” ते म्हणाले. “विनापरवाना हलवली. कोणी?”

तात्या कोपऱ्यात उभे होते. घोंगडी काढून हातात घेतलेली. खोटं मी सांगू शकत नव्हते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

“तात्यांनी हलवली,” मी म्हटलं. “पण त्याच्या आधी दुसरं लिहा.”

“जरा मोठ्यानं बोला मॅडम.”

“सतरा नंबरची नळी खरं सांगत होती आणि तिचं कुणी ऐकू नये अशी सोय मी केली होती. रद्द केलेली नळी बोलली तर कुणीतरी जाऊन बघावं, एवढी एक ओळ माझ्या नियमात नव्हती. तात्यांनी ती हलवली नसती तर जुन्या जागेवरून तिला काही कळलंच नसतं. शेजारच्या सोळा आणि अठरा शेवटपर्यंत ठीकच म्हणत होत्या. आधी माझी चूक लिहा साहेब, मग त्यांची लिहा.”

सर माझ्याकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, “माझंही नाव घाला. फोनवर मीच म्हटलं, ऐकू नकोस.”

कोरगावकर साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “एवढी नावं बसत नाहीत रकान्यात,” ते म्हणाले. शेवटी त्यांनी लिहिलं ते मी वाचलं. चौकीदाराच्या सूचनेवरून यंत्राची जागा बदलण्यात आली.

चूक नव्हतं ते. फक्त सूचना कुणी कुणाला दिली, ते लिहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत मी तार घेऊन करवंदीच्या जाळीशी गेले. खचलेला भाग भरून काढला होता, पण नळी साहेबांनी तिथंच ठेवली होती. मी चिखलात बसले. तात्या काटे धरून उभे राहिले, मला लागू नयेत म्हणून. नवी किल्ली तयार झाली, नळीत उतरली, पेटीत उतरली. मग नेहमीप्रमाणे माझ्या हातातल्या यंत्रानं दोन गोष्टी विचारल्या. जागा. आणि बसवणाऱ्याचं नाव. बाकी तेवीस ठिकाणी मी माझं घातलं होतं.

“काय लिवतासा?” तात्यांनी विचारलं.

“तुमचं नाव.”

“नगं ओ ताई! सरकारी यंत्रात नाव म्हंजे चौकशीच लागायची मागं.”

“वडलांचं नाव काय तुमच्या?”

त्यांनी काट्याची फांदी आणखी मागे ओढून धरली. “दादू,” म्हणाले.

मी लिहिलं, आनंदा दादू पोवार.

त्याला आता बारा वर्षं झाली. तात्या गेल्या माघात गेले. पण किल्ल्या बदलायला मी अजून दर भाद्रपदात करंजखोलला जाते, आणि सतरा नंबरशी तार जोडली की यंत्र दरवेळी विचारतं, बसवणाऱ्याचं नाव बदलायचं आहे का?

मी नाही म्हणते.